सोलर वॉटर हीटर: नळ्या मोजायच्या आधी टाकी आणि पाइप बघा

सोलर वॉटर हीटर घ्यायचा म्हटलं की सगळे दोनच गोष्टी विचारतात, किती लिटरचा आणि नळ्या, म्हणजे ऊन शोषून पाणी तापवणाऱ्या काचेच्या नळ्या, किती. विकणारा पण तेवढंच सांगतो. आणि मग काही महिन्यांनी तोच माणूस म्हणतो की पाणी तापतं हो, पण नळाला गरम येईपर्यंत अर्धी बादली गार पाणी वाया जातं, किंवा संध्याकाळी कढत असतं आणि सकाळी कोमट. ह्यात नळ्यांचा काही दोष नसतो. माझं स्पष्ट मत आहे की ऊन गोळा करणारा भाग आता इतका चांगला झालाय की बऱ्यापैकी कुठलाही माल घेतला तरी पाणी तापतंच, पैसे वसूल होतात की नाही ते ठरतं टाकीवर, पाइपवर आणि बसवणाऱ्या माणसाच्या हातावर.

आमच्या घरी आधी सपाट पॅनलवालं होतं, आता नळ्यांचं आहे, आणि नात्यातल्या एकांच्या हॉस्टेलवर मोठं पंपवालं बसलं त्याचं काम अगदी पाइप कापण्यापासून बघितलंय. त्यामुळे हा रिव्ह्यू कुठल्या एका कंपनीचा नाहीये, ह्या वस्तूचाच आहे, सरळसोट पाचपैकी चार, आणि तो राहिलेला एक मार्क का कापला ते खाली येईलच.

आधी कामगिरी. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत न्यायचं तर साधारण ४.६५ युनिट उष्णता लागते, हे गणित कोणालाही घरी करता येतं, एक लिटर पाणी एक अंश तापवायला ४.१८६ किलोजूल आणि ३६०० किलोजूल म्हणजे एक युनिट. आता स्वच्छ दुपारी जमिनीवर एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट ऊन पडतं, चांगल्या उन्हाच्या अख्ख्या दिवसाचं मिळून पाच युनिटच्या आसपास धरा. दोन चौरस मीटरचं पॅनल म्हणजे दहा युनिट ऊन, त्यातलं निम्मं जरी पाण्यात उतरलं तरी पाच युनिट झाले, म्हणजे १०० लिटरचं काम झालं. १०० लिटरला दोन चौरस मीटर हा जो हिशोब सगळे सांगतात तो असा येतो, त्यात जादू काही नाही. २०० लिटरवालं घेतलं तर उन्हाच्या दिवशी नऊ-साडेनऊ युनिट विजेचं काम आपोआप होतंय, एकही बटण न दाबता, आणि हे मला आजही भारी वाटतं. मीटर बघायची सवय असलेल्याला हा फरक पहिल्याच बिलात दिसतो.

ह्यात आणखी एक गोष्ट मला फार आवडते ती म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक घरगुती सिस्टिममध्ये पंपच नसतो. गरम पाणी हलकं होतं, वर सरकतं, टाकीत जातं, टाकीच्या तळाचं गार पाणी खाली नळ्यांमध्ये उतरतं, तापतं, परत वर. ऊन आहे तोपर्यंत हे चक्र चालू. म्हणूनच टाकी नेहमी नळ्यांच्या किंवा पॅनलच्या वर असते. ह्याला थर्मोसायफन म्हणतात आणि ह्यात बिघडण्यासारखा हलता भागच नाही. लाईट गेले तरी पाणी तापायचं थांबत नाही.

आता टाकीचं महत्त्व, त्यासाठी जरा मागे जातो. १८९१ साली अमेरिकेत क्लॅरेन्स केम्प ह्यांनी सोलर वॉटर हीटरचं पेटंट घेतलं, त्याचं नाव क्लायमॅक्स. काचेच्या झाकणाच्या पेटीत काळ्या रंगाच्या टाक्या, बस. दुपारी पाणी मस्त तापायचं पण टाकीच उघड्यावर, काचेखाली, त्यामुळे रात्रीतून सगळी उष्णता निघून जायची आणि सकाळी पाणी गार. मग १९०९ मध्ये विल्यम बेली ह्यांनी कॅलिफोर्नियात एकच बदल केला, तापवणारा भाग बाहेर ठेवला आणि टाकी वेगळी करून तिला नीट इन्सुलेशन दिलं. नाव ठेवलं डे अँड नाइट, कारण आता रात्री आणि सकाळी पण पाणी गरम राहायला लागलं. क्लायमॅक्स मागे पडला. म्हणजे बघा, ह्या धंद्यातली पहिली मोठी सुधारणाच टाकीची होती. आणि आजही दुकानात गेलं की लोकं नळ्यांवर टकटक करून बघतात, टाकीच्या पत्र्याआड किती जाडीचं इन्सुलेशन आहे ते कोणी विचारत नाही.

तर ते विचारा. टाकीच्या आतली भांड्याची भिंत आणि बाहेरचा पत्रा ह्यांच्यामध्ये पफ भरलेला असतो, पॉलीयुरेथेनचा फोम. हा किमान ५० मिलिमीटर जाडीचा आणि सगळीकडे सारखा भरलेला असायला हवा. स्वस्तातल्या टाकीत काय होतं, फोम एका बाजूला जास्ती आणि दुसरीकडे पोकळ. तपासायची सोपी युक्ती सांगतो, दुपारी चार-पाचला पाणी पूर्ण तापलेलं असताना टाकीच्या बाहेरून सगळीकडे हात फिरवा. पत्रा उन्हाने थोडा गरम असेल म्हणून सावलीच्या बाजूने, खालून, टोकांच्या झाकणांवरून फिरवा. एखाद्या जागी हाताला स्पष्ट ऊब लागली तर तिथून रात्रभर उष्णता गळणार. बहुतेक वेळा ही जागा टोकाच्या झाकणाजवळ किंवा पाइप जिथे बाहेर येतो तिथे सापडते. माझ्या ओळखीत एकांच्या नव्या टाकीचं एक टोक असं निघालं, कंपनीच्या माणसाला हात लावून दाखवल्यावर त्याने वाद न घालता टाकी बदलून दिली. म्हणून बसवल्याच्या पहिल्या आठवड्यातच हे करून घ्या, नंतर कोणी ऐकत नाही.

आतलं भांडं कशाचं आहे हा दुसरा प्रश्न. स्टेनलेस स्टील असेल तर ३०४ ग्रेडचं का ३१६ चं ते विचारा. पाण्यात क्लोराइड जास्त असेल, म्हणजे खारं बोअरचं पाणी वगैरे, तर ३०४ ला वेल्डिंगच्या जवळ बारीक चिरा पडतात, गरम पाणी आणि क्लोराइड ही जोडी स्टेनलेसला चालत नाही. ३१६ तिथे जास्त टिकतं. दुसरा प्रकार म्हणजे साध्या लोखंडाच्या टाकीला आतून काचेसारखं एनॅमल कोटिंग, आणि त्यात मॅग्नेशियमचा रॉड. हा रॉड स्वतः झिजतो आणि टाकीला गंजू देत नाही, पण रॉड संपला की मग टाकीची पाळी. म्हणून एनॅमलची टाकी घेतली तर रॉड दर वर्षी-दोन वर्षांनी उघडून बघायचा आणि झिजला असेल तर बदलायचा, हे काम कोणीही आपणहून येऊन करणार नाही, तुम्हालाच लक्षात ठेवायला लागतं. रॉड स्वस्त आहे, टाकी नाही.

नळ्या की सपाट पॅनल, ह्यावर लोकं तासन्‌तास भांडतात. दोन्ही वापरल्यावर मला जे वाटतं ते सांगतो. नळी म्हणजे काचेचा थर्मासच, दोन काचा, मधे हवा काढून पोकळी, आतल्या काचेवर गडद रंगाचं कोटिंग जे ऊन शोषतं पण उष्णता बाहेर सोडत नाही. त्यामुळे बाहेर कडाक्याची थंडी आणि वारा असला तरी आतली उष्णता फारशी जात नाही. थंड हवेत, वाऱ्यात, विरळ ढगात नळ्या पुढे. सपाट पॅनलमध्ये तांब्याच्या बारीक नळ्या, त्यावर काळा पत्रा, वर टफन काच आणि मागे इन्सुलेशन. भरपूर ऊन आणि फार थंडी नसलेल्या जागी हे तितकंच चांगलं चालतं, दणकट असतं, काच फुटायची भीती कमी, आणि प्रेशरच्या पाण्यावर चालवता येतं. पण दोन अडचणी आहेत. पाणी गोठेल एवढी थंडी पडत असेल तर पॅनलमधल्या तांब्याच्या नळ्या फुटतात, तिथे मग ग्लायकॉलचं, म्हणजे सहज न गोठणाऱ्या द्रवाचं, वेगळं बंद सर्किट लागतं. आणि पाणी जड असेल तर त्या बारीक नळ्यांमध्ये क्षार बसतो. कॅल्शियम कार्बोनेटचं असं आहे की पाणी जितकं गरम तितका तो जास्त बाहेर पडतो, ६० अंशांच्या वर तर भराभर. आमचं जुनं पॅनल शेवटी ह्यानेच गेलं. वरून सगळं नवंकोरं दिसत होतं, काच स्वच्छ, आणि आत नळीचं भोक पेन्सिलच्या शिशाएवढं उरलेलं, कापून बघितलं तेव्हा पांढरा कडक थर हाताला लागला.

काचेच्या नळीला क्षार लागत नाही असं नाही, पण ती आतून एवढी रुंद असते की थर बसला तरी पाणी फिरायचं थांबत नाही. नेहमी मिळणारी ५८ मिलिमीटर व्यासाची आणि १८०० मिलिमीटर लांबीची नळी आत पावणेतीन लिटरच्या आसपास पाणी धरते. क्षार तळाशी साचतो, आणि नळी काढून धुता येते. जड पाणी असेल तर माझं उत्तर सरळ आहे, नळ्या घ्या, आणि जमलं तर आधी सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा कमी करणारं यंत्र, लावा.

नळी खराब झाली हे ओळखायची एक खूण आहे जी विकणारे क्वचितच सांगतात. नळीच्या खालच्या टोकाला आतून चांदीसारखा चकचकीत भाग असतो, तो बेरियमचा थर, पोकळीत उरलेली थोडीफार हवा तो शोषून घेतो. नळीला तडा जाऊन हवा आत शिरली की तो चंदेरी भाग दुधासारखा पांढरा होतो. अख्ख्या रांगेवर नजर टाकली तरी एखादं टोक पांढरं आहे का ते लगेच दिसतं. पांढरी झालेली नळी पाणी गळत नसली तरी काम करत नाहीये, उलट टाकीतली उष्णता बाहेर टाकतेय, ती बदलून घ्यायची. नवीन माल येईल तेव्हा बसवायच्या आधीच सगळी टोकं बघून घ्या.

आणि हे तर अगदी ठळक अक्षरात लिहायला पाहिजे. टाकी रिकामी असेल, नळ्या उन्हात तापलेल्या असतील, तर दुपारी पाणी सोडायचं नाही. रिकाम्या नळीच्या आतलं तापमान २०० अंशांच्या वर जातं, त्यात गार पाणी पडलं की काच तडकते, फुटते, आणि जवळ माणूस असेल तर वाफेने भाजतं. पाणी भरायचं ते पहाटे किंवा सूर्य मावळून नळ्या निवल्यावर, किंवा नळ्या झाकून ठेवून. फिटर लोकांना घाई असते, भर दुपारी येतात आणि कॉक उघडतात. थांबवा त्यांना. पाणी पुरवठा बंद पडल्यामुळे टाकी कोरडी झाली तरी हाच नियम.

आता पाइप. माझ्या मते सगळ्यात जास्ती नुकसान इथे होतं आणि सगळ्यात कमी चर्चा पण ह्याचीच. टाकी गच्चीवर, बाथरूम दोन मजले खाली, मधे वळसे घेत गेलेला २० मीटर पाइप. आतून २० मिलिमीटर व्यासाचा असेल तर त्यात सव्वासहा लिटर पाणी मावतं. म्हणजे दर वेळी नळ सोडला की आधी सव्वासहा लिटर गार पाणी बाहेर, आणि नळ बंद केला की सव्वासहा लिटर गरम पाणी पाइपात अडकून गार होणार. दिवसातून आठ-दहा वेळा असं झालं तर पन्नास-साठ लिटर गरम पाणी नुसतं पाइपात मेलं. तोच पाइप आतून १५ मिलिमीटरचा असता तर साडेतीन लिटर. म्हणजे जाड पाइप म्हणजे चांगला पाइप हे इथे उलट आहे, दाब पुरत असेल तर गरम पाण्याचा पाइप शक्य तितका बारीक आणि शक्य तितका आखूड ठेवायचा. टाकीची जागा ठरवतानाच सगळ्यात जास्ती वापराच्या बाथरूमच्या डोक्यावर ती येईल असं बघा, बाकी सगळं नंतर. आणि पाइपावर इन्सुलेशन हे काही शोभेचं नाहीये, ते सगळीकडे पाहिजे, वळणावर आणि जोडावर पण, तिथेच फिटर ते कापून सोडून देतात. उघड्यावरच्या फोमला ऊन लागून तो भुगा होतो, त्यावर पत्रा किंवा उन्हाला टिकणारी टेप गुंडाळून घ्यायची.

व्हेंट पाइपाबद्दल पण सांगायलाच पाहिजे कारण ह्याच्या तक्रारी सगळ्यात जास्त. साध्या, बिनप्रेशरच्या टाकीला वरून एक उघडा पाइप असतो, हवा आत-बाहेर करायला. हा गार पाण्याच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर असायला हवा, नाहीतर त्यातून पाणी वाहत राहतं. कोणीतरी दिसायला बरं दिसत नाही म्हणून तो कापतं किंवा त्याला बूच मारतं, हे अतिशय धोकादायक आहे, कधीच करू नका. पाणी तापलं की फुगतं, २० वरून ८० अंशांपर्यंत गेलं तर साधारण पावणेतीन टक्के, म्हणजे २०० लिटरमध्ये पाच लिटरच्या वर जास्तीचं पाणी, त्याला जायला वाट पाहिजे. शिवाय भरलेली टाकी खालून वापरली आणि हवा आत शिरायला जागा नसेल तर टाकी आत चेपते.

आणखी एक प्रकार, जो प्लंबरलाही पटकन कळत नाही. गार पाण्याच्या लाइनला प्रेशर पंप आहे, गरम लाइनला नाही, आणि बाथरूममध्ये मिक्सर आहे. मिक्सरचे दोन्ही कॉक उघडे ठेवून पुढे शॉवरचं किंवा हँड शॉवरचं बटण बंद केलं की गार पाण्याचा दाब मिक्सरमधून मागे गरम लाइनमध्ये शिरतो, उलटा वर चढतो, सोलरच्या टाकीत गार पाणी ढकलतो आणि गच्चीवर व्हेंटमधून गरम पाणी वाहून जातं. घरातले म्हणतात सोलर बिघडला. सोलर ठणठणीत असतो. एक तर दोन्ही लाइनचा दाब सारखा ठेवा, किंवा गरम लाइनवर पाणी उलटं जाऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह लावा, किंवा सगळं प्रेशरवरच पाहिजे असेल तर प्रेशरला चालणारी सिस्टिम घ्या, हीट पाइपवाली. त्यात काचेच्या नळीत पाणीच नसतं, तांब्याची बंद दांडी असते आणि तिच्या टोकाची उष्णता टाकीतल्या पाण्याला मिळते, एखादी काच फुटली तरी टाकी रिकामी होत नाही. महाग पडते पण उंच इमारतीत आणि पंपाच्या पाण्यावर मी तीच घ्यायला सांगेन.

ढगाळ दिवसांचं काय, हा प्रश्न येणारच, आणि तो कापलेला एक मार्क इथला आहे. सलग दोन-तीन दिवस ढग राहिले की पाणी कोमट होतं, ह्याला नळ्या वाढवून उपाय नाही, दुसरी सोय लागतेच. बहुतेक टाक्यांमध्ये विजेचा एलिमेंट बसवायची जागा असते. तो बसवा पण थर्मोस्टॅटवर चोवीस तास चालू ठेवू नका. रात्री गरम पाणी वापरलं, गार पाणी आत आलं, एलिमेंटने रातोरात ते तापवून टाकलं, आणि सकाळी सूर्य आला तेव्हा टाकी आधीच तापलेली, उन्हाला करायला काम उरलंच नाही. बिल मात्र तेवढंच. हे इतक्या घरांत चालू असतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही. एलिमेंट टायमरवर ठेवायचा, पहाटे लागेल तेवढाच, किंवा गच्चीवरच्या टाकीत न ठेवता बाथरूमजवळ छोटा गिझर ठेवायचा ज्यात सोलरचं पाणी येतं आणि कमी पडेल तेवढंच तापतं. मला दुसरा पर्याय जास्ती पटतो, कारण त्याने पाइपातल्या गार पाण्याचा प्रश्न पण सुटतो. फक्त तो गिझर ७०-८० अंशांचं येणारं पाणी सहन करणारा हवा, ते आधी विचारून घ्या.

वापराच्या वेळेचा पण फरक पडतो. टाकीत गरम पाणी वर आणि गार पाणी खाली असे थर राहतात, म्हणून गरम पाणी वरून काढतात आणि गार पाणी तळाशी सोडतात. आडव्या टाकीत हे थर लवकर मिसळतात, उभ्या टाकीत जास्त टिकतात. घरात सगळे रात्री अंघोळ करत असतील तर सकाळसाठी फार उरणार नाही, तेव्हा लिटर ठरवताना माणसं किती ह्याच्याबरोबर अंघोळी कधी हे पण धरा.

दिशा आणि उतार ह्याबद्दल थोडक्यात, उत्तर गोलार्धात तोंड दक्षिणेकडे, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे, आणि उतार आपल्या अक्षांशाएवढा, हिवाळ्यात जास्ती पाहिजे असेल तर त्याहून दहा-पंधरा अंश जास्त. थोडं इकडे तिकडे झालं तरी बिघडत नाही. सावली मात्र बिघडवते, तेव्हा हिवाळ्यात सूर्य खाली असताना शेजारच्या भिंतीची सावली किती वाजेपर्यंत पडते ते बघूनच जागा ठरवा. धूळ अधूनमधून धुवा.

घरात लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील तर हा मुद्दा वाचाच. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी ७०-८० अंशांपर्यंत सहज जातं, आणि ६० अंशांचं पाणी सुद्धा पाचेक सेकंदात गंभीर भाजतं. विजेच्या गिझरला थर्मोस्टॅट असतो, सूर्याला नाही. उपाय म्हणजे थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह, जो गार पाणी आपोआप मिसळून ठरावीक तापमानाचंच पाणी पुढे सोडतो. ह्यावर पैसे वाचवू नका. दुसऱ्या बाजूने टाकी फार काळ २० ते ४५ अंशांच्या मधे राहणंही चांगलं नाही, लिजिओनेला नावाचे जीवाणू त्याच तापमानात वाढतात, म्हणून सलग ढगाळ दिवस गेले की एलिमेंट लावून टाकी एकदा ६० अंशांच्या वर नेऊन घ्यायची. घरापेक्षा हॉस्पिटल, हॉटेल, हॉस्टेल अशा ठिकाणी ह्याची काळजी जास्ती घ्यावी लागते.

व्यवसायाच्या ठिकाणी सोलर मला घरापेक्षाही जास्त पटतो, कारण तिथे गरम पाणी रोज लागतं आणि भरपूर लागतं. हॉस्टेल, लॉन्ड्री, डेअरी, हॉस्पिटल. हॉस्टेलवर जे बसवलं ते पंपावर चालतं, कलेक्टर, म्हणजे ऊन गोळा करणारा भाग, गच्चीवर आणि मोठी टाकी खाली. एक कंट्रोलर दोन तापमानं बघत असतो, कलेक्टरचं आणि टाकीच्या तळाचं, कलेक्टर काही अंशांनी जास्त गरम झाला की पंप चालू, फरक संपला की बंद. तिथल्या गड्याला मी विचारलं की तू रोज काय बघतोस, तर तो म्हणाला दुपारी त्या दोन आकड्यांमधला फरक बघतो, फरक वाढत चालला म्हणजे पाणी फिरत नाहीये, कुठेतरी हवा अडकली किंवा गाळणी तुंबली. इतकं नेमकं उत्तर मला विकणाऱ्यांकडून पण मिळालं नव्हतं.

तिथली आणखी एक शिकण्यासारखी गोष्ट. सगळ्या खोल्यांना गरम पाणी लगेच यावं म्हणून पाइपाचं रिंगण केलेलं होतं आणि त्यात पंपाने पाणी सतत फिरत होतं. नळ सोडला की गरम पाणी हजर, छानच. पण रात्रभर गरम पाणी सगळ्या इमारतीत फिरवलं की ते पाइप म्हणजे रेडिएटरच होतात, सकाळपर्यंत टाकी निवते. पंपाला टायमर लावला, सकाळी आणि संध्याकाळी थोडा वेळच चालू, आणि त्यानंतर बॉयलर पेटवायची गरज एकदम कमी झाली. कलेक्टर तेच, टाकी तीच.

कारखान्यात बॉयलरला जाणारं पाणी आधी सोलरवर तापवून घेणं हा तर सगळ्यात सोपा उपयोग, कारण तिथे पाणी किती गरम झालं ह्याची कटकट नाही, जेवढं झालं तेवढं इंधन वाचलं. पोहण्याच्या तलावाला तर काच पण लागत नाही, काळ्या प्लास्टिकच्या साध्या नळ्यांची चटई पुरते, कारण पाणी बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम थोडंच गरम करायचं असतं. आणि मोठं म्हणजे किती मोठं होऊ शकतं तर डेन्मार्कमधल्या सिल्केबोर्ग शहरात २०१६ मध्ये दीड लाख चौरस मीटरहून जास्त कलेक्टर बसवले, शहराच्या घरांना उष्णता पुरवायला, आणि डेन्मार्क काही उन्हासाठी प्रसिद्ध नाही. इस्रायलने तर १९८० मध्येच नवीन घरांना सोलर वॉटर हीटर बंधनकारक केला. मात्र ज्या ठिकाणी सुट्टीत गरम पाण्याचा वापर पूर्ण थांबतो, शाळेचं वसतिगृह वगैरे, तिथे सुट्टीभर कलेक्टर झाकायची सोय आधीच करून ठेवा, वापर नसताना तापत राहिलेली सिस्टिम स्वतःचेच रबर आणि व्हॉल्व्ह खराब करते.

आता बरेच जण विचारतात की वीज बनवणारे पॅनल लावून त्यावर गिझर चालवला तर काय वाईट. वाईट काही नाही, पण जागेचा हिशोब करा. वीज बनवणारं चांगलं पॅनल उन्हातलं वीस-बावीस टक्के घेतं, पाणी तापवणारा कलेक्टर पन्नास टक्के किंवा जास्ती. छोटी गच्ची असेल आणि मुख्य खर्च गरम पाण्याचाच असेल तर कलेक्टर जिंकतो. गच्ची मोठी असेल, जास्तीची वीज ग्रिडला देता येत असेल, पाइप लांब टाकावा लागणार असेल, तर वीज बनवणारे पॅनल आणि हीट पंप ही जोडी आता खरोखर चांगली आहे, हीट पंप म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता खेचून पाणी तापवणारं यंत्र, ते एका युनिट विजेत तीनेक युनिट उष्णता देतं. हे मी सोलर वॉटर हीटरचा चाहता असूनही सांगतोय.

कोणी घेऊ नये ते पण लिहितो. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी नको, काढून दुसरीकडे बसवताना निम्म्या नळ्या आणि सगळी रबरं जातात. गच्चीवर दिवसाचे पाच-सहा तास स्वच्छ ऊन नसेल तर नको. गच्चीची ताकद बघितल्याशिवाय नको, भरलेली ३०० लिटरची टाकी, पाण्याने भरलेल्या नळ्या आणि स्टँड मिळून ४०० किलोच्या वर वजन एका जागी येतं, शिवाय वारा. आणि घरात एकच माणूस, तोही आठवड्यातून दोन दिवस असणार, तर साधा गिझरच बरा.

बाकीच्यांनी घ्या. घेताना कोटेशनमध्ये ह्या गोष्टी लिहून घ्या: आतल्या टाकीच्या स्टीलचा ग्रेड आणि जाडी, पफची जाडी, नळ्यांचा व्यास आणि लांबी, पाइपाचा आतला व्यास आणि त्यावरचं इन्सुलेशन, व्हेंटची उंची. आणि वॉरंटी कशावर आहे ते वेगवेगळं लिहून मागा, टाकीवर वेगळी, नळ्यांवर वेगळी, रबर रिंगांवर वेगळी, आणि जड पाण्यामुळे झालेलं नुकसान त्यात धरलंय की नाही ते. ती एक ओळ बहुतेक वॉरंटी कार्डांवर मागच्या बाजूला बारीक अक्षरात असते.